पेल्यावरची ज्वारी

चिंच कोळताना आंबट वास आला की सोलापुरातलं आमचं चांदीकामाचं दुकान आठवतं. इंग्रजांच्या अमदानीत गावातल्या संग्रहालयात कॅथलिक चर्चच्या चांदीच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी फादरांनी प्रार्थनेतल्या द्राक्षरसाचा पेला आमच्याकडे करायला दिला आणि काठाखाली गव्हाच्या ओंब्या कोरायला सांगितल्या. भाऊ गेल्यापासून कोरीवकाम वहिनीच घरात बसून करायची. तिनं कोरली ज्वारीची टपोरी कणसं, कारण तिच्या लेखी धान्य म्हणजे ज्वारी. मी चिंचेनं घासून पेला उजळला आणि भीत भीत पोचवला. प्रदर्शनात फादर त्याच्यापुढे बराच वेळ थांबले. “इथल्या माणसांची भाकरी यात आली. कोरलं कुणी?” त्यांनी विचारलं. वहिनी मागेच उभी होती, तरी मी म्हणालो, “मी.” परतताना ती एवढंच बोलली, “भावजी, हात तुमचा व्हय? मग फुडचं काम तुमीच करा की.” त्यानंतर तिनं कोरणी कधीच हातात घेतली नाही. पेला अजून त्याच संग्रहालयात आहे आणि खालच्या चिठ्ठीवर कारागीर म्हणून माझं नाव आहे. ते खोडून तिचं लिहावं, असा अर्ज मी आज लिहिला. उद्या स्वतः नेऊन देणार आहे, आणि चिठ्ठी बदलेपर्यंत तिथून हलणार नाही. मी फक्त चिंच घासली होती.