हौसाबाईंना आधी वाचून दाखवा

इनामदार सरांची माझी पहिली भेट पौडला त्यांच्या घरी झाली आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. हिंजवडीतली पेटंटचे अर्ज लिहिण्याची नोकरी सोडून मी नुकतीच स्वतंत्र वकिली सुरू केली होती. सर पिरंगुटच्या औषध कारखान्यातून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ. एका औषधाच्या पेटंटला ते हरकत घेत होते. तिचा मसुदा मी मोठ्या ऐटीत पुढे केला. सरांनी तो हातातही घेतला नाही.

"आधी हौसाबाईंना वाचून दाखवा. मराठीत," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या हौसाबाईंना रक्ताचा कर्करोग होता आणि रोजच्या एका गोळीवर त्यांचं जगणं चाललं होतं. औषध जुनंच, पण गोळीत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या एका रासायनिक रूपावर, एका परदेशी कंपनीने नवं पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर इथल्या कारखान्यांची स्वस्त गोळी बंद झाली असती, आणि कंपनीची गोळी बाईंना झेपणारी नव्हती.

नाकाला मिरच्या झोंबल्या, तरी वाचलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषिद तेच हाय म्हनता. मग ह्या नव्यानं मानूस जास्ती बरा व्हतोय का? तेवढं सांगा की."

कायदाही नेमकं हेच विचारतो, आणि माझ्या मसुद्यात तो मुद्दा शेवटच्या पानावर पडला होता. सरांनी तो पहिल्या पानावर आणवला. सुनावणीत कंपनीच्या वकिलांना त्याचं धड उत्तर देता आलं नाही. अर्ज नामंजूर झाला, गोळी दुकानात राहिली. तेव्हापासून रुग्णाला वाचून दाखवल्याशिवाय आमचा एकही कागद बाहेर जात नाही.

पुढे एका देशी कारखान्याने सरांचा सत्कार ठरवला. सरांनी नम्रपणे नकार दिला. म्हणाले, "उद्या यांच्याही अर्जाला हरकत घ्यावी लागेल. हार गळ्यात असला की अवघड जातं." हेच सर आजही रोज सकाळी हौसाबाईंना फोन करून गोळी घेतली का, हे न चुकता विचारतात. या मायेपुढे मला माझी वकिली फार लहान वाटते.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्तचा हा लेखही रिवाजाप्रमाणे आधी हौसाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पन सर सोताची बीपीची गोळी इसरत्यात, त्ये कुटं लिवलंय?"

आता लिहिलं. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. हौसाबाईंनी मात्र नुसत्या इच्छेवर भागवलेलं नाही. उद्यापासून सकाळचा फोन त्या करणार आहेत.