पीडीएफ की वेबसाइट

तेर गावची शिवलीला कोरे तीन वर्षं धाराशिवला हाडांच्या एका डॉक्टरांकडं काउंटरवर बसत होती. पेशंटची नावं लिहून घ्यायची, नंबर द्यायचे, एवढंच काम. पुढं दवाखान्यानं नंबर लावायचं अ‍ॅप घेतलं आणि गोंधळ होता त्याच्या दुप्पट झाला. गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसं दर पाच मिनिटांनी उठून काउंटरशी यायची आणि मोबाइल तिच्यासमोर धरायची. "बाई, हे काय म्हणतंय बघा की. माझ्या म्होरं किती हायेत?"

त्या अ‍ॅपमध्ये सगळं होतं, फक्त तेवढंच सापडत नव्हतं. शिवलीलेनं पाठकोऱ्या कागदांवर चार स्क्रीन काढले. येईल त्या पेशंटला शेजारी बसवून विचारलं, "काका, आता कुठं बोट लावाल?" बोट कुठं अडतं ते बघायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं. शेवटी एकच मोठा आकडा राहिला, 'तुमच्या पुढं इतके जण'. अ‍ॅपवाल्यांनी तो जसाच्या तसा घेतला, आणि काउंटरपुढची गर्दी आठवड्याभरात ओसरली.

या कामाला यूएक्स डिझाइन म्हणतात आणि त्यावर पोट भरता येतं, हे तिला नंतर कळलं. तिनं आठ महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला. काम दाखवायला पोर्टफोलिओ लागतो, इथपर्यंत ठीक होतं. तो कशात करायचा, इथं गाडी रुतली.

कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, वेबसाइटच कर. तीन आठवडे खपून तिनं ती केली. पहिल्याच कंपनीच्या फॉर्मवर लिहिलेलं, फक्त पीडीएफ, पाच एमबीच्या आत. तिची पीडीएफ झाली अडतीस एमबीची. दाबून दाबून लहान केली तर कागदावरचं तिचं अक्षर पुसट झालं. दुसऱ्या कंपनीला पीडीएफ नकोच होती, लिंक हवी होती. तिच्याबरोबर कोर्स केलेला रिजवान पुण्यात नोकरीला लागला होता. तो म्हणाला, "मुलाखतीत स्लाइडच मागतात. त्या तयार ठेव." मग स्लाइड. एकच काम आता तीन ठिकाणी होतं. एका ठिकाणची चूक सुधारली की उरलेल्या दोन ठिकाणी ती तशीच राहायची.

तिचे वडील शंभुलिंग हे सारं दुकानातून घरी आल्यावर बघत. एकदा जेवताना ते म्हणाले, "काम करायला तुला इतका येळ लागला न्हाय, आणि केलेलं दाखवायला चार महिने?"

"अप्पा, तुम्हाला त्यातलं कळत न्हाय," ती म्हणाली आणि ताट सारून उठली. त्यांचं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

सतरा ठिकाणी अर्ज गेले. उत्तरं दोनच आली, दोन्ही नकाराची. त्यातलं एक पुण्याच्या कंपनीत माणसं निवडणाऱ्या सोमेश नावाच्या माणसाचं होतं. 'कामाचा तपशील अपुरा वाटला.' हे वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला पाठवलेल्या पीडीएफमध्ये नवव्या पानापासून तपशीलच तपशील होता. मेलखाली त्याचा नंबर होता. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं तो लावला.

"सर, नोकरीचं मागायला फोन केला नाही. एकच विचारायचंय. माझी फाइल तुम्ही कशावर उघडली होती?"

तो म्हणाला, "मोबाइलवर. गाडीत होतो मी. अक्षर फार बारीक होतं. दोनतीन पानं पाहिली असतील."

"किती वेळ?"

"मिनिटभर. खरं सांगतो."

फोन ठेवल्यावर तिला आधी त्याचा राग आला. चार महिन्यांच्या कामाला एक मिनिट. आणि मग स्वतःचाच इतका राग आला की डबा उघडावासा वाटेना. दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांना तिनं एकेक करून विचारलं होतं. पोर्टफोलिओ कसा करायचा हेही तिनं दहा जणांना विचारलं. तो ज्यानं उघडायचा, त्याला मात्र एकदाही नाही.

त्या आठवड्यात रिजवानच्या ओळखीतून तिनं माणसं निवडणाऱ्या आणखी पाच जणांना फोन केले. चौघं फाइल आधी मोबाइलवरच उघडत होते. आवडली तरच लॅपटॉप.

मग तिनं उभी, मोबाइलच्या रुंदीची पीडीएफ केली. सहा पानं, ठळक अक्षर. पहिल्याच पानावर एका आजोबांचं स्क्रीनवर अडलेलं बोट, त्यांना विचारून काढलेला फोटो, आणि खाली ते काय म्हणाले ते. पोर्टफोलिओ कोर्सच्या साच्यात बसावा म्हणून तिनं अ‍ॅप वापरणारा एक कल्पित माणूस रचला होता, मुंबईचा, वय बत्तीस. त्याची तीन पानं काढून टाकली. कधीच न भेटलेल्या त्या माणसाचं तिला वाईट वाटलं नाही. वेबसाइट बंद करण्याआधी मात्र तिनं ती एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. तीन आठवडे गेले ते गेलेच.

पुढच्या आठ अर्जांत तीन मुलाखती आल्या. एका ठिकाणी स्लाइड नाहीत म्हणून तोंड वाकडं केलं. दुसरीकडं ऐन बोलण्यात तेरचं नेट गेलं आणि परत फोन आलाच नाही. तिसऱ्यांनी तीच सहा पानं समोर ठेवून तासभर प्रश्न विचारले आणि सहा महिन्यांसाठी घेतलं, घरी बसून करायचं काम.

पहिलंच काम पेन्शनवाल्यांच्या फॉर्मचं आलं. फॉर्म भरणाऱ्या माणसांजवळ चार दिवस बसायला हवं, असं तिनं कळवलं. उत्तर आलं, एवढी गरज नाही, एक दिवस पुरे. शिवलीलेनं लॅपटॉप मिटला, ओसरीवर दोन चकरा मारल्या, परत उघडला आणि लिहायला लागली, चार दिवस का लागतात ते.