मोरचुदातले नऊ ऑक्सिजन

परवा आमच्या क्लासमध्ये भांडण झालं... आणि ते मी केलं.

मी धारवाडला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. टेस्टमध्ये प्रश्न होता, २४९.५ ग्रॅम मोरचुदात ऑक्सिजनचे अणू किती? मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचे ते निळे खडे, सुपारीच्या बागेत फवारणीला वापरतात ते.

एवढ्या वजनात बरोबर एक मोल भरतो. सल्फेटमधले चार ऑक्सिजन आणि खड्यात बांधलेल्या पाण्याचे पाच, झाले नऊ... नऊला ॲव्होगाड्रोच्या आकड्यानं गुणलं की उत्तर. आन्सर कीमध्ये मात्र चारनंच गुणलेलं! की बनवणारा पाणीच विसरला होता.

वर्गात नऊ धरणारी एकटीच, अळणावरची भारती. तिचे अप्पा लाकडाच्या डेपोत हमाली करतात. टेस्टमध्ये वर आलेल्यांच्या पहिल्या बॅचला फी माफ असते आणि या एका प्रश्नापायी तिची जागा जात होती. जागा गेली की तिचा क्लास बंद, हे घरात आधीच ठरलेलं.

मी क्लासच्या मालकांकडे गेले. "बिड्री मॅडम, सोडून द्या," सर म्हणाले. "रिझल्ट पालकांच्या ग्रुपवर गेला की. आता आमचीच आन्सर की चुकली म्हणून सांगायचं काय?"

का नाही सांगायचं? माझं डोकंच फिरलं...

डेमोच्या कपाटातून कोरडी परीक्षानळी काढली, चिमूटभर मोरचूद घातलं आणि सरांच्या टेबलावरच स्पिरिटचा दिवा पेटवला. निळे खडे हळूहळू पांढरे पडले, नळीच्या तोंडाशी थेंब जमले. "हे पाणी कुठून आलं सर? मी तर घातलं नाही."

सरांनी थेंबांकडे वाकून पाहिलं. मग त्यांनी भारतीला बोलावलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "जा, तुला तेवढे ग्रेस मार्क दिले. बाहेर कुणाला बोलू नको."

मला वाटलं, जिंकलो. आता पोरगी थँक्यू म्हणून पळणार.

ती हललीच नाही. "ग्रेस नको सर. माझं उत्तर बरोबर आहे. बरोबर म्हणून मार्क द्या, नाही तर राहू द्या." नजर खाली नव्हती तिची.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती म्हणते तेच माझं म्हणणं."

संध्याकाळी ग्रुपवर दुरुस्ती आली... आन्सर की चुकली होती, असं स्पष्ट लिहून. भारती पहिल्या बॅचमध्ये बसते आहे.

खरं सांगते, ग्रेस म्हटल्यावर मी मनातल्या मनात तह करून मोकळी झाले होते. जिचं सगळं जाणार होतं, ती मात्र अडून उभी राहिली. थँक्यू भारती... आणि उद्या कुणी तुला आगाऊ म्हणालं, तर खुशाल म्हणू दे.