गार आन् गप

कॉम्प्युटर चालू झाला की सुभेदार आधी पडद्याकडे बघत नसत. डोळे मिटत, उजवा तळवा कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवत आणि तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसे थोडा वेळ थांबत. मग डोळे न उघडता म्हणत, "येतोय."

"काय साहेब?"

"आवाज येतोय गड्या. काढ त्यो फॅन."

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी सांगलीत कॉम्प्युटर जोडून देण्याचा धंदा करत होतो. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारायचं, "फास्ट आहे ना?" हा माणूस साताऱ्याहून एसटीनं आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "मला गार आन् गप मशीन पायजे. फास्टचं मला कौतुक न्हाई." साताऱ्यातल्या दोघा दुकानदारांनी त्यांना वाटेला लावलं होतं, हे मला नंतर कळलं. तुम्हीही आपापल्या धंद्यात असा एखादा पाहिला असेल. मालाची पारख चोख, पण नाकावर माशी बसू देणार नाही. आपण त्याला शिव्या घालतो आणि त्याचंच काम मन लावून करतो.

ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सिग्नलमधले, म्हणजे बिनतारी संदेशांच्या तुकडीतले. मूळचे वडूजकडचे. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून झालेली, त्यामुळे कान तयार होते आणि स्वभाव बिघडलेला होता. साताऱ्यात त्यांनी छोटं घर घेतलं आणि गल्लीला धडकी भरवली. भंगारवाल्यानं त्यांच्या दारापुढून ओरडत जायचं नाही, शेजारच्या सुनेनं पाटा-वरवंटा दुपारी काढायचा नाही. गल्लीत एक कुत्रं होतं. ते भुंकतं म्हणून यांनी नगरपालिकेत खेटे घालून गाडी आणवली. कुत्रं पिंजऱ्यात गेलं त्या दिवशी सुभेदारांनी घरोघर पेढे वाटले. हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

त्यांना हवं होतं ते घरातलं थेटर. टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर, दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि त्यावर सीडीवरचे सिनेमे. खऱ्या थेटराचा त्यांना तिटकारा होता.

"पब्लिक शिट्ट्या मारतं, खोकतं, शेंगा फोडतं," ते म्हणत. "शिनेमात दोन डायलॉगच्या मधी गप जागा असत्यात. त्या मला ऐकायच्यात."

त्या काळी लोक सीडीवरच्या सिनेमासाठी ताकदीचा प्रोसेसर घेत. ताकदीचा प्रोसेसर तापतो, तापला की पंखा लागतो आणि पंखा घुमतो. आम्ही उलटं केलं. प्रोसेसर मुद्दाम धिमा घेतला आणि चित्र उलगडण्याचं काम वेगळ्या डिकोडर कार्डावर टाकलं. प्रोसेसरवर पंखा बसवलाच नाही, नुसता उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा भलामोठा हीटसिंक. सीडी फिरताना घरघर करते, म्हणून सिनेमा आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचा आणि मग ड्राइव्हला हातच लावायचा नाही. यातलं अर्धं डोकं त्यांचं होतं, खोटं कशाला बोलू?

राहिला पॉवर सप्लायमधला पंखा. तो काढता येत नव्हता. मी पिशवीत वेगवेगळे पॉवर सप्लाय घालून सांगलीहून साताऱ्याला जायचो. ते एकेक लावून ऐकायचे आणि नापास करायचे. एक शिट्टी मारतो, एक कण्हतो, एक लंगडतो. लंगडणारा पंखा मला ऐकू आला नव्हता. दुकानात परत आणून बघितला तर खरंच त्याचं एक पातं किंचित वाकलेलं होतं.

ही परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत होती. आधी फ्रिज बंद. मग छताचा पंखा बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढायचा. खिडक्या लावायच्या. मला ते म्हणत, "श्वास धर," आणि मी धरत असे. पहिल्या खेपेला मी असा श्वास धरून उभा असताना मागच्या खिडकीच्या काचेतून मला परड्यात एक बाई दिसल्या. मे महिन्याच्या उन्हात धुण्याच्या दगडापाशी डोक्यावर पदर घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

"त्या कोण?"

"आमची मंडळी."

"मग उन्हात का उभ्या?"

"तिला धाप लागती. त्येचा आवाज येतो," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

पंखा नापास झाल्यावर त्या बाई, म्हणजे काकी, आत आल्या आणि त्यांनी चहा टाकला. नवरा नोकरीत असेपर्यंत त्या गावी सासूजवळ होत्या. ज्वारी काढली, म्हशी सांभाळल्या, एक मुलगी वाढवून कडेगावला दिली. नवरा वर्षातून एकदा सुट्टीला यायचा. सिनेमा त्यांनी पाहिला होता तो जत्रेतल्या तंबूत, तोही लग्नाआधी. पेन्शन लागल्यावर ही दोघं पहिल्यांदाच एका घरात सलग राहत होती.

चहाचा कप देताना त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, ह्यात खराच शिनेमा लागंल नव्हं? मला बी दिसंल?"

"दिसेल की काकी. सगळ्यांनाच दिसेल."

"मग बरं झालं. दोघं मिळून बघू. जलमात कवा बसलो न्हाई असं."

आतून आवाज आला, "कप वाजवू नगं." त्यांनी बशी पदरात घेतली.

अखेर एक पंखा सापडला. थोराड, कमी व्होल्टवर दमानं फिरणारा. सुभेदारांनी तळवा ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ थांबले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवली. काकी दाराशी बसून भाजी निवडत होत्या. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. शेंग मोडली की त्या वाजायच्या.

"उतरव त्या," सुभेदार म्हणाले.

काकींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या हसल्या. "आवं, काय बोलता? सवाष्णीचं हात मोकळं ऱ्हात असत्यात व्हय? तुमी हाय न्हवं अजून."

"मी हाय म्हणूनच सांगतोय."

"मी फडकं गुंडाळते. वाजायच्या न्हाईत." त्यांनी खरंच जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दोन्ही मनगटांना गुंडाळली. सुभेदारांनी त्यांना हात वर-खाली करायला लावला. एकदा, पुन्हा एकदा. "येतोय," ते म्हणाले.

"एकेक तरी ठिवू द्या."

"एकटी बांगडी खाटेच्या लोखंडावर आपटती. साबण लाव, निघतील."

आपल्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. मी म्हणालो, "साहेब, राहू द्या ना, शुभ-अशुभ असतं बायकांचं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. काकी मोरीत गेल्या. पाण्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हात ओले, साबणाचे आणि उघडे होते, आणि त्या उघड्या हातांनी त्या बांगड्या कुठे ठेवाव्यात ते शोधत होत्या. जवळ होतं ते कॅबिनेट. त्यावर ठेवल्या.

बांगड्या कॅबिनेटवर वाजायला लागल्या. अगदी बारीक, किणकिण. हार्डडिस्क आत फिरत होती आणि तिची थरथर पत्र्याला लागत होती. मला ती कधी जाणवली नव्हती, त्यांनाही नाही.

"आरं तिच्या!" सुभेदार हरखून गेले. "बघ, बघ! डिस्क हलतीया. हे आपल्याला कळलंच नव्हतं गड्या." इतका खूश झालेला तो माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. बायकोच्या बांगडीनं त्यांना जे सांगितलं होतं, ते त्यांच्या कानांनाही सापडलं नव्हतं.

मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून हार्डडिस्क त्यावर टांगती बसवली. सुभेदारांनी एक बांगडी कॅबिनेटवर आडवी ठेवली. गप्प. दुसरी ठेवली. गप्प. "पास!" ते ओरडले. त्या घरात इतक्या मोठ्यानं बोललेलं मी तेवढंच ऐकलं.

काकींनी हात पुढे केला. "झालं न्हवं? आता द्या."

"ऱ्हाऊ दे. टेस्टिंगला लागत्यात." त्यांनी बांगड्या स्क्रूच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं. मला त्या माणसाचा राग आला, आणि तो आजही गेलेला नाही.

एकदा मी विचारलं होतं, आवाजाचा एवढा जाच का. तेव्हा ते म्हणाले, "बॉर्डरच्या एका पोष्टवर बाजूचा गडी हसत बसला, आन् मला मेसेज अर्धाच आला. पुढचं सांगत न्हाई." पुढचं खरोखर वाईट असणार. मला त्यांचं दुःख कळलं. पण पोष्टवर हसला तो दुसराच, आणि त्याची भरपाई या बाईनं का करायची, ते काही कळलं नाही.

मशीन तयार झाल्यावर पहिला सिनेमा बघायला मला मुद्दाम बोलावलं. खुर्ची एकच, सुभेदारांची. मी स्टुलावर. काकी दाराच्या उंबऱ्याशी, उघडे हात मांडीवर घट्ट धरून. सिनेमा विनोदी होता. एका जागी नोकर मालकाच्या धोतरात अडकून पडतो. काकी खळखळून हसल्या. सुभेदारांनी सिनेमा थांबवला. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मशीन खरोखरच नसल्यासारखं होतं.

"झालं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"व्हय."

त्यांनी सिनेमा मागे नेला आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. नोकर पुन्हा धोतरात अडकून पडला. काकींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. सुभेदारांनी समाधानानं मान हलवली. मला हसूच येईना.

नंतरही मी वर्षभर जात राहिलो. कधी धूळ काढायला, कधी पट्ट्या बदलायला. मशीन शेवटपर्यंत गार राहिलं, हे सांगितलंच पाहिजे. काकींनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं. एकदा गेल्या तर कुंकू लावायला हात पुढे केलेली बाई त्यांची मनगटं बघून थबकली आणि करंडा घेऊन पुढच्या बाईकडे वळली. मी म्हणालो, "काकी, बाजारातून दुसऱ्या घ्या. मी आणून देतो."

"हितंच काढाव्या लागत्याल नव्हं? दरखेपी मोरीत जाऊन काढायच्या, त्यापरीस न्हाईत त्या बऱ्या." बोलताना त्या एका हाताचं मनगट दुसऱ्या हातानं झाकत. ती त्यांची सवयच झाली होती.

सुभेदार गेले ते मंडईत. सकाळी भाजी आणायला गेले होते, छातीत कळ आली आणि कोथिंबिरीच्या ढिगावर पडले. चारी बाजूंनी ओरडा चालू होता. शेजाऱ्यांनी दुकानात फोन केला. मी मिळेल त्या एसटीनं निघालो, कारण मुलगी-जावई कडेगावहून येईपर्यंत घरात पुरुष माणूस कुणी नव्हतं.

मी पोचलो तेव्हा त्यांना खोलीतच ठेवलं होतं. मशीन भिंतीशी सरकवलेलं, दोन्ही स्पीकर पाठमोरे. मुलगीही आलेली होती. बायका काकींना घेऊन जवळ बसल्या होत्या. शेजारची एक म्हातारी रीतभात बघत होती. तिनं काकींचं कुंकू पुसलं आणि हात धरला. हात उघडा बघून ती चमकली.

"आगं बया, हातात कायच न्हाई? मग वाढवायचं काय?"

"त्यांनीच उतरवल्यात, मागंच," काकी म्हणाल्या.

"न्हाई बाई, रीत ऱ्हाती. असं करून चालत न्हाई. आत्मा घुटमळतो." बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, कासाराकडून आणा. दुसरी म्हणाली, आता या हाताला कोण नव्या भरील?

काकींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, त्या डब्यात हायत."

मी डबा उघडला. स्क्रूंत हात घालून बांगड्या वेचल्या, सदऱ्याला पुसल्या आणि म्हातारीच्या हातात दिल्या. फोडायच्या म्हणून त्या आधी भरायच्या होत्या. असली रीत कुणी घातली असेल त्याचं नाव मला माहीत नाही, नाहीतर घेतलं असतं. म्हातारीनं बांगड्या चढवल्या. साबण लागला नाही. हात तेवढा वाळला होता.

बांगड्या वाजल्या. काकी दचकल्या, दुसऱ्या हातानं मनगट गच्च आवळलं आणि सुभेदारांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सोड गं हात," म्हातारी म्हणाली.

काकींनी मनगट सोडलं. पण हात म्हातारीकडे दिला नाही. त्या पुढे वाकल्या, सुभेदारांच्या कानापाशी हात नेला आणि बांगड्या वाजवल्या. थांबल्या. पुन्हा वाजवल्या, या खेपेला जोरानं. मुलीचं रडणं थांबलं. खोलीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. काकी त्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिल्या, आणि मग सावकाश हात म्हातारीपुढे केला.

"घ्या आता," त्या म्हणाल्या.