साड्यांच्या गादीवर गोष्टींचं दुकान

बावीस वर्षं साड्या विकल्या, त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. गिऱ्हाईक एक साडी घेऊन जातं आणि गादीवर चाळीस उलगडलेल्या ठेवून जातं. किश्श्यांचंही तसंच! पुस्तकांचं दुकान काढून जेमतेम वर्ष झालं, पण पुस्तकं गेली कमी आणि किस्से उरले जास्त. घडी घालायला म्हणून एकेक उचलतो.

वर्ध्याच्या बाजारात सेठजींच्या दुकानात मी सेल्समन होतो. आई साडी निवडेपर्यंत पोरं किरकिर करतात, म्हणून गादीखाली मी चार-दोन चित्रांची पुस्तकं ठेवायचो. पोर गप्प, आई निवांत, साडी पक्की. पुढे असं व्हायला लागलं की साडी बांधून व्हायची आणि पोर उठायला तयार नसायचं! डोक्यात किडा वळवळला. नुसत्या मुलांच्या पुस्तकांचं दुकान काढलं तर? मोठ्यांचं एकही ठेवायचं नाही. वर्ध्याला लागूनच पिपरी मेघेत आमच्या घराला पुढची एक खोली आहे. तिथून स्कूटर बाहेर काढली आणि गुढीपाडव्याला पुस्तकं आत नेली.

सेठजींना सांगायला गेलो तर ते रागावले नाहीत, हसले.

"मधू, करून पाह्य बाबा. तुझी जागा दिवाळीपर्यंत खाली ठेवतो. नाई जमलं तर चूपचाप वापस येजो."

माझ्या बायकोनं, मंगलानं, एवढंच वाक्य लक्षात ठेवलं आणि कॅलेंडरवर दिवाळीला गोल केला. त्या गोलाकडे बघायचं मी टाळायचो. मला परत जायचं नव्हतं!

* * *

पुस्तकं कपाटात उभी लावणं मला काही जमेना. शेवटी गादी घातली, वर पांढरी चादर, चपला दाराबाहेर. पहिल्या गिऱ्हाईक म्हणून एक मॅडम आल्या. बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सवयीनं विचारलं, "काय दाखवू ताई? रोजच्यातलं की लग्नाचं?"

त्या बघतच राहिल्या. मी घाईघाईनं वीस-पंचवीस पुस्तकं पुढ्यात पसरली. त्यांनी एक जाडजूड उचलून हातावर तोललं. "भाऊ, हे जास्तच जड नाई का?"

"दिसायलाच जड आहे ताई," माझ्या तोंडून गेलंच, "नेसायला एकदम हलकं!"

मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पुस्तक मात्र घेऊन गेल्या.

* * *

आमच्याकडे साड्या पसंतीला घरी न्यायची पद्धत आहे. पाच न्यायच्या, सासूला-जावेला दाखवायच्या, एक ठेवायची, चार परत. मी शहाण्यानं पुस्तकंही पसंतीला द्यायला सुरुवात केली. आता बोला!

मागच्या गल्लीतल्या वंदनाताई पाच घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी पाचही परत.

"भाऊ, एकबी पसंत नाई आलं."

पानापानावर हळदीची बोटं! वरून त्यांची पोरगी पदर ओढून विचारतेय, "आई, म्हैस काऊन रुसली होती, सांगू का काकाले?" वंदनाताईंनी तिला असा चिमटा काढला की मलाच लागला.

मंगला भडकली. "दुकान हाय का वाचनालय? अशानं गोलाच्या आधीच जाल तुम्ही सेठजीकडं!"

तिचं खरं होतं. पण पसंतीला नाही म्हणायला माझी जीभ वळेना. आठवड्याभरानं वंदनाताई पुन्हा हजर.

"भाऊ, ते म्हशीचं द्या. पोट्टी त्याच्याबिगर झोपून नाई राह्यली."

"पण ताई, तिला तर सगळं पाठ आहे!"

"तिले हाय. मले कुठं हाय? एक शब्द चुकला की उठून बसते!"

* * *

सुगंधाबाई आमच्या गल्लीत भाजी घेऊन येतात. ऊन चढलं की आमच्या पायरीवर टेकतात. गोंड घरातल्या, घरी अजून गोंडीच बोलतात. एकदा आत डोकावून म्हणाल्या, "आमच्या बोलीतलं हाय का एखादं?"

नव्हतं. लाज वाटली मला.

"मंग मीच सांगू का?" असं म्हणून त्या गादीवर बसल्या आणि गोंडीत सुरू झाल्या. गादीवरच्या सहा-सात पोरांना एक शब्द कळत नव्हता, पण बाईंचे हात, डोळे, आवाज! पोरं श्वास रोखून बसली, मग खदखदून हसली, शेवटी टाळ्या.

"बाई, कोणती गोष्ट होती?" मी विचारलं.

"गोष्ट कायची? सकाळी वांग्यायवरून दलालाशी माझं भांडण झालं, ते पुरं सांगितलं!"

तेव्हापासून त्या पायरीवर टेकल्या की पोरं धावत येतात. "आजी, आज कोणाशी भांडली?"

* * *

मी दुपारी जेवायला आत गेलो की मंगला गादीवर बसायची. नाइलाजानं, असं ती म्हणायची. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. घास तोंडात होता तेवढ्यात बाहेर एका गृहस्थाचा आवाज आला, "ताई, तुमच्या हातातलं द्या ना."

"हे नाई देता येत. एकच उरलं हाय."

"एकच तर पाह्यजे!"

"अहो, यातली पोरगी आत्ताच जंगलात हरवली," मंगला म्हणाली. "सापडू द्या तिले. तुम्ही परवा या!"

गृहस्थ गेले. मी आणखी एक पोळी वाढून घेतली. खरं सांगतो, आलेलं गिऱ्हाईक परत गेल्याचा एवढा आनंद मला बावीस वर्षांत झाला नव्हता.

* * *

आणि मग धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दारात सेठजींची गाडी थांबली.

त्या दिवसांत कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या सीझनला सेठजी गल्ल्यावरून चहालाही उठलेले मी कधी पाहिले नाहीत. ते नातवाचा हात धरून आले, चपला काढल्या आणि गादीवर गिऱ्हाइकासारखे बसले.

"चल मधू. दिवाळी झाली की सोमवारपासून ये. तुझी जागा खाली हाय."

शब्द पाळला होता माणसानं. आणि दुकान चालतंय असं छातीठोकपणे सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी मान खाली घालून चादरीची सुरकुती सारखी करत बसलो.

तेवढ्यात नातवानं एक पुस्तक आजोबांच्या मांडीवर आणून टाकलं. "दादाजी, पढो."

सेठजींनी चष्मा लावला. बोट ठेवून, अडखळत वाचू लागले. दोन पानं झाली नाहीत तोच दुकानातून फोन.

"सेठजी, गर्दी लय झाली, जल्दी या!"

"थांब ना बे!" सेठजी ओरडले. "इथं वाघ दारात उभा हाय!"

आणि फोन बंद करून खिशात टाकला.

ते पुस्तक झालं. मग दुसरं, मग तिसरं. वाघाचा आवाज सेठजी आता स्वतःच काढत होते. चार पुस्तकं नातवाच्या काखेत आली तेव्हा कुठे ते उठले. दाराशी चपलेत पाय सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मधू, तुझ्या जागेवर मी दुसरा माणूस लावून टाकतो."

गाडी गेली. आतून मंगला हात पुसत बाहेर आली.

"काय म्हणत होते सेठजी?"

"नोकरी गेली," मी म्हणालो.

ती तशीच आत गेली आणि तिनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.