आमच्या व्हॅनमधला वास

आमच्या घरात चालू नाक एकच आहे, आणि ते माझं.

आमच्या ह्यांना एका मोठ्या सर्दीनंतर वास येणं जे बंद झालं, ते झालंच. फोडणी करपली तरी पेपर वाचत बसतात आणि वर ‘भाजी छान झाली’ म्हणतात. (म्हणूनच संसार टिकला, ही गोष्ट वेगळी!) मुलगा प्रकाश सेवाग्रामला दवाखान्यात कामाला, त्याच्या नाकात दिवसभर फिनाईल. तेव्हा दसऱ्यानंतर आमच्या जुन्या व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला, तो सगळ्यात आधी मला आला, हे मी अभिमानानं सांगते. पुढचं मात्र अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

ही व्हॅन प्रकाश दहावीत होता तेव्हाची. दर शुक्रवारी तिच्यातून आम्ही सात बाया वर्ध्याहून पवनारला भजनाला जातो. हे गाडी चालवतात. मांडीवर पेटी, पायाशी टाळ, वत्सलाबाईंच्या हाती चिवड्याचा डबा. प्रकाशची नवी गाडी आहे, पण तिच्यात मावतात चार बाया, त्याही पाय पुसून चढल्या तर!

त्या शुक्रवारी धाम नदीच्या पुलावर वत्सलाबाईंनी अभंग मधेच सोडला आणि पदर नाकाला लावला. “अवो, भजनाले चाललो का पेट्रोल पंपावर?”

ही बातमी मंगळवारी प्रकाशपर्यंत गेली. त्यानं निकाल दिला, “आई, या रविवारपर्यंत वास कुठून येते ते सापडलं तर ठीक. नाई तर सोमवारी गाडी भंगारात. सात बाया घेऊन फिरता, कुठं पेटली म्हणजे?”

व्हॅन गेली म्हणजे माझा शुक्रवारच गेला! पेटी घेऊन सात जणी एसटीत चढणार कशा?

लागलीच मेकॅनिक बोलावला. त्यानं पेट्रोलचा पाइप बदलला. वास तसाच! दुसरा बोलावला. त्यानं टाकी खाली उतरवली, हलवून पाहिली, परत चढवली. वास आता आणखी जोरात!

“मले तर काईच येत नाई,” हे म्हणाले.

“तुमाले काय येते ते तरी सांगा!” मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. दसऱ्याला आम्ही गाडी धुतो, हार घालतो आणि लाल कपड्यात बांधलेलं नारळ टोपलीत घालून मागच्या सीटच्या पाठीमागं ठेवतो. ते वर्षभर तिथंच. त्याला कोणी हात लावत नाही. दोन्ही मेकॅनिकांनी सीटा काढल्या, चटया झटकल्या, स्टेपनी काढली, जॅक काढला. पण टोपलीला नुसते हात जोडले आणि अंग चोरून तिच्या बाजूनं काम केलं. ‘पाहा, याला म्हणतात संस्कार!’ मी मनात म्हटलं.

माझेही उपाय चालूच होते. रोज सकाळी त्या नारळापुढं दोन अगरबत्त्या. वासही झाकला जाई आणि देवही खूश!

शनिवारी पुलगावहून रामभाऊ मिस्त्री आले. म्हातारा माणूस, पांढरी टोपी, दोन्ही हात रिकामे.

“पाने-पक्कड कुठं हायेत?” मी विचारलं.

“नाक आनलं ना, काकू.”

त्यांनी व्हॅनमध्ये डोकं घातलं. अगरबत्तीची राख पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“हे कोन लावते?”

“मी. रोज.”

“आता नका लावू,” ते इतकं हळू म्हणाले की मला ओरडल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

मग काचा बंद करून ते आत बसले. डोळे मिटले. पुढच्या सीटवर दोन श्वास, मधल्या सीटवर दोन, मागच्या सीटवर दोन. मी, हे आणि प्रकाश बाहेर, निकाल लागायच्या दिवशी शाळेबाहेर उभे राहावं तसे. इंजिनाला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही! माणूस वास घेत नव्हता, वाचत होता.

“इंजिनाचा वास गरम असते,” ते डोळे न उघडता म्हणाले. “हा थंडा हाये. आन् याच्यात ओल्या कापसाचाबी वास हाये.”

कापसाचा! रामभाऊंनी वळून टोपलीला हात जोडले.

“काकू, तुमचं नारळ गळून राह्यलं.”

मी उसळलेच. “दसऱ्याचं हाये ते! त्याले हात नाई लावायचा!”

“मी कुठं लावतो? तुमी लावा.”

मी गाठ सोडली. नारळ ठणठणीत कोरडं. आणि त्याच्या शेजारी, जुळ्या भावासारखी टेकून बसलेली, सरबताची बाटली! अर्धी पेट्रोलनं भरलेली, तोंडाला कापसाचा बोळा.

तेव्हा मला सगळं एकदम आठवलं. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून माझं शिलाई मशीन साफ करायला काही मिळत नाही, म्हणून दसऱ्याआधी ह्यांच्याकडून थोडं पेट्रोल आणवलं होतं. उरलेलं पाहून प्रकाश ओरडला, “घरात गॅस हाये, इथं नको ठेवजो!” मग पेट्रोलची जागा कोणती? गाडी! झाकण हरवलेलं, म्हणून कापूस लावला. (वर्धा जिल्ह्यात कापूस हाताशी असताना झाकण कोण शोधतं?) बाटली लवंडू नये म्हणून नारळाबरोबर गच्च बांधली, आणि दसऱ्याच्या घाईत साफ विसरले. पवनारच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात ती हिंदकळत होती, बोळा भिजत होता, आणि त्याच्यापुढं मी तीन आठवडे अगरबत्त्या ओवाळत होते!

प्रकाशनं बाटली उचलली आणि अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

रामभाऊ मात्र नारळाकडं पाहत होते. “हे लई जागृत हाये, काकू. याले फोडू नका.”

नाही फोडलं. आजही त्याच्याकडं पाहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात.

व्हॅन राहिली, शुक्रवारही राहिला. प्रकाशनं एकच नियम केला: गाडीत चढण्याआधी माझी पिशवी हुंगून पाहायची. हे काम त्यानं दिलं आमच्या ह्यांना! हे पिशवीत नाक घालतात, रामभाऊंसारखे डोळे मिटून दोन लांब श्वास घेतात आणि सातही बायांसमोर जाहीर करतात, “काईच वास येत नाई. बसा!”

आणि घरातलं एकुलतं एक चालू नाक गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसतं.