नव्हतेच कधी, तर सोडू काय?

डिंपना गॉर्मलीला उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रबेन गावात कुणी भांडखोर म्हणत नसे, कारण ती भांडतच नसे. नाही म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एकदा नव्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, की ज्या मुलाचे पैसे भरलेले नाहीत त्याला गरम जेवण नाही, कोरडं सँडविच द्यायचं. डिंपनाने मान डोलावली आणि त्या दुपारी सगळ्या शाळेला कोरडं सँडविच वाढलं. मुख्याध्यापकांनाही. दुसऱ्या दिवशी त्या फर्मानाचं नावही कुणी काढलं नाही.

चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिचं लग्न झालेलं नव्हतं. वडील गेले होते, आई सेडी आणि ती अशा दोघीच बॅलीकोलमन वस्तीतल्या घरात राहत. सकाळी आईची शेगडी पेटवायची, मग शाळा, संध्याकाळी दोघींनी मिळून जपमाळ म्हणायची. मग एका वर्षी चर्चच्या बायकांची सहल माल्टाला गेली. हॉटेलातल्या न्याहारीला डिंपनाने ब्रेडची टोपली परत पाठवली. "हा कालचा आहे," ती म्हणाली. आतून पिठाने माखलेला एक उंच माणूस बाहेर आला.

"परवाचा आहे," तो हळूच म्हणाला. "मालक ताजा करू देत नाही."

"मग करा ना. परवानगी कशाला लागते ब्रेडला?"

तो मिओद्राग, सर्बियातल्या निशचा. सगळे मिचा म्हणत. दीड वर्षाने माल्टातल्याच एका लहान चर्चमध्ये दोघांचं लग्न झालं. मिचाची तिथली नोकरी संपली तसा तो निशला परतला, डिंपना स्ट्रबेनला परतली, आणि नवऱ्याला आपल्या घरी आणायचं कसं हा प्रश्न घेऊन डेरी शहरातल्या एका वकिलाकडे जाऊन बसली.

वकील टोनर म्हणजे सज्जन माणूस. त्याने समोरची फाइल उघडली. "सरळ रस्ता असा, की ब्रिटिश नागरिक म्हणून तुम्ही नवऱ्याला बोलवायचं."

"मी ब्रिटिश नाही."

"बरं. शिवाय त्याला पगाराची अट आहे, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात..."

"तेवढा मिळत नाही."

"म्हणजे तो रस्ता तसाही बंद. पण आयरिश पासपोर्ट आहे ना तुमच्याकडे?"

"अठराव्या वर्षापासून. दुसरा कधी घेतलाच नाही."

"मग आयरिश म्हणून अर्ज करू. युरोपच्या नियमात पगाराची ती अट नाही."

उत्तर आयर्लंडवर राज्य ब्रिटनचं, म्हणून अर्ज लंडनला गेला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. डिंपनाचा जन्म उत्तर आयर्लंडमधला, त्यामुळे कायद्याने ती जन्मतः ब्रिटिश. तिला केवळ आयरिश म्हणून अर्ज करायचा असेल तर आधी तिने ब्रिटिश नागरिकत्व सोडावं.

टोनर म्हणाला, "वाटतं तेवढं अवघड नाही हे. एक फॉर्म भरायचा. मी ब्रिटिश होते, आता ते नागरिकत्व सोडते, खाली सही. नाताळपर्यंत नवरा घरी."

"अठ्ठ्याण्णवच्या शांतता करारात काय लिहिलंय, मिस्टर टोनर? इथे जन्मलेल्याने आयरिश म्हणवून घ्यावं, ब्रिटिश म्हणवून घ्यावं, नाहीतर दोन्ही. ज्याचं त्याने ठरवायचं."

"लिहिलंय खरं. पण नागरिकत्वाचा कायदा त्याप्रमाणे बदललेला नाही."

डिंपनाच्या कोटावर एक छोटा बिल्ला असे. आयुष्यभर दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेल्यांचा. तिने त्यावर बोट ठेवलं. "मी दारूचा थेंब कधी घेतला नाही. उद्या तुम्ही म्हणालात, बाई, दारू सोडल्याच्या कागदावर सही करा, तर मी करू? मी नव्हतेच कधी, तर सोडू काय?"

"कायद्याच्या दृष्टीने ते खोटं ठरत नाही."

"कायद्याच्या दृष्टीने ठरत नसेल. सही माझी आहे."

गाव लहान. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती आणि पॅकीमामा, सेडीचा धाकटा भाऊ, स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. आयरिश झेंड्यामागची गावातली एकही मिरवणूक पॅकीमामाने चुकवली नव्हती.

"शाब्बास, पोरी!" तो उठूनच उभा राहिला. "करू नकोस सही! कोर्टात जायचं. पेपरवाल्याशी मी बोललोय. तुझा फोटो, हातात पासपोर्ट, मागे आपली माणसं. पाच वर्षं लागू देत, नाहीतर सात!"

"वर्षं कुणाची जायची, मामा? तुझी की माझी?"

"अगं, हे एकट्या तुझं नाही. आपल्या सगळ्यांचं आहे!"

"तू मामीला सोडून कधी एक रात्र तरी राहिलायस का?"

"पबातल्या डार्ट्सच्या रात्री राहतो की," सेडी बशी पुसता पुसता म्हणाली. "आणि तेव्हाही शेजाऱ्यांना उचलून आणावा लागतो."

"तू मध्ये बोलू नकोस, सेडी."

"माझ्या घरात मी मध्ये बोलणार नाही तर कुठे बोलू?" सेडीने बशी ठेवली आणि लेकीकडे वळली. "आणि तू गं. कर ती सही. तुझ्या बापाच्या पेन्शनसाठी मी दर आठवड्याला राणीच्या मुकुटाखाली सही केली. हात झडला नाही माझा."

"मम्मी, तू पैसे मिळाल्याची सही केलीस. ते मिळाले होते."

सेडीचा विरोध सहीला नव्हताच. सही नाही झाली तर ही पोरगी निघून जाईल, ही तिची धास्ती होती, आणि तिला एक्याऐंशी वर्षं पूर्ण झालेली होती. डिंपनाला ते कळत होतं. म्हणून तर तिला उलटून बोलता येईना.

मिचाशी ती रोज फोनवर बोलत असे. दोघांची इंग्रजी आपापल्या पद्धतीची, पण काम भागायचं.

"माझी आजी एका अंगणात जन्मली, त्याच अंगणात मेली," मिचा हसत म्हणाला. "तेवढ्यात देशाचं नाव चारदा बदललं. मी स्वतः युगोस्लाव होतो, आता नाही. दुखत नाही, डिंपना. तू सही कर, मी येतो."

"तू होतास ना पण खरोखर? शाळेत गाणं म्हटलंस, झेंड्याला सलाम केलास?"

"केला."

"मी नाही केला. माझ्या बापाला ब्रिटिश सैनिक सरहद्दीच्या पुलावर थांबवून रोज विचारायचे, तू कोण, कुठला. तो रोज तेच उत्तर द्यायचा आणि म्हणून रोज कामाला उशिरा पोचायचा. त्याचं ते रोजचं उत्तर मी आता खोडून टाकू?"

मिचा म्हणाला, "नको. मग दुसरं दार शोध. पण शोध, हं? इथे रोज रात्री आई माझ्यासमोर ताट ठेवते आणि विचारते, बायको नक्की आहे ना तुला?"

दुसरं दार होतं, घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. फॉइल नदीवरचा पूल ओलांडला की लिफर्ड, आणि लिफर्ड आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, म्हणजे डब्लिनच्या राज्यात. स्ट्रबेनचे लोक तिकडे पेट्रोल भरायला जात, लग्नाला जात, कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे लावायला जात. तिथे राहायला गेलं तर अर्ज डब्लिनकडे करता येणार होता, आयरिश बाईने आयरिश भूमीवरून केलेला. काहीही सोडल्याची सही न करता.

टोनरने तिला अडचणी आधीच सांगून टाकल्या. "तिकडेही कमाईची अट आहे, पण तुमच्या पगारात बसते. खरोखर राहावं लागेल, नावापुरतं चालणार नाही. उशीर लागेल. आणि एक गोष्ट नीट ऐका. डब्लिनचा व्हिसा त्या बाजूपुरता. नवरा आला तरी तुमच्या आईच्या घरी तो कायद्याने येऊ शकणार नाही. त्यासाठी लंडनची वेगळी परवानगी लागेल."

"दिसेल एवढ्या अंतरावर राहून?"

"हो."

तिने घरी येऊन आईला सांगितलं. तूही चल म्हणाली.

"मी?" सेडीने पदरी पडलेली सगळी संकटं मोजायला घेतली. "सैनिकांनी हे दार फोडलं तेव्हा मी गेले नाही. पुराचं पाणी त्या जिन्याच्या पायरीपर्यंत आलं तेव्हा गेले नाही. आणि आता एका पाववाल्यासाठी जाऊ?"

त्यानंतर तिने अबोला धरला. फक्त जपमाळेच्या वेळी तोंड उघडायची. पहिल्याच संध्याकाळी प्रार्थनेच्या शेवटी तिने मोठ्याने जोडलं, "ज्या मुली म्हाताऱ्या आईला टाकून जातात त्यांच्यासाठी."

डिंपना गुडघ्यांवरच होती. तिने तितक्याच मोठ्याने म्हटलं, "आणि ज्या आया जाऊ देत नाहीत त्यांच्यासाठी."

"आमेन," दोघी म्हणाल्या, आणि पुन्हा घर गप्प.

त्या रात्री डिंपनाने देवाकडे एवढंच मागितलं, की मला दोघांतून एकाला निवडायला लावू नकोस. सकाळी उठली तेव्हा उत्तर असं काही मिळालेलं नव्हतं. पण नदी ओलांडायला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात, हे त्या सकाळी नव्याने तिच्या लक्षात आलं. तिने लिफर्डमध्ये केशकर्तनालयाच्या वर दोन खोल्या घेतल्या.

ती बॅगा उचलत होती तेव्हा पॅकीमामा कुंपणाशी आला. "म्हणजे शेवटी हाकलूनच लावलं त्यांनी तुला."

"हाकललेला माणूस सकाळी शेगडी पेटवायला परत येतो का, मामा?"

आणि ती यायची. सकाळी पूल ओलांडून आईकडे, तिथून शाळा, संध्याकाळी जपमाळ, मग पुन्हा पूल. पावसात, धुक्यात, नदीचा वारा तोंडावर घेत. सेडी बोलू लागली, पण जावयाचं नाव काढत नव्हती. डब्लिनने आणखी कागद मागितले. डिंपनाने पाठवले. फोटो मागितले. तेही पाठवले. त्यांच्या एकाही प्रश्नाला तिला खोटं उत्तर द्यावं लागलं नाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासात व्हिसा आला, आणि मिचा पिठाची चाळणी आणि एक बॅग एवढं घेऊन लिफर्डला उतरला.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून डिंपना आईकडे आली. पॅकीमामा तिथेच होता.

"कुठाय नवरा?" त्याने विचारलं. "अगं, गाडीत बसव आणि आण इकडे. पुलावर आता कोण उभं असतं? कुत्रं विचारत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मग त्याला चोरासारखा नाही आणणार, मामा. सापडला तर त्याच्या नावावर डाग पडेल, आणि नाही सापडला तरी तो मागच्या सीटवर लपून आलेला जावई होईल. मी लंडनला परत लिहिलंय. आयरिश म्हणूनच. नाही म्हणाले तर पुन्हा लिहीन. समोरच्या दाराने ये म्हणतील तेव्हा तो या घरात येईल."

"आणि तोवर?"

सेडी खुर्चीतून उठली, खुंटीवरचा चांगला कोट काढला आणि बटणं लावायला लागली.

"पॅकी, गाडी काढ."

"कुठे जायचंय?"

"परदेशात," सेडी म्हणाली. "जावई बघायला."

मिचाने जिन्याच्या वरचं दार उघडलं. त्याच्या हातात धुतलेल्या फडक्यावर अख्खा गोल ब्रेड होता आणि शेजारी वाटीत मीठ. निशमध्ये पाहुण्याचं असंच स्वागत करतात. सेडीने ब्रेडकडे पाहिलं, मिठाकडे पाहिलं, मग मान वर करून त्याच्याकडे.

"चहा नाही का ह्याच्या घरात?" तिने लेकीला विचारलं.

"आहे, मम्मी."

"मग माणसाला दारात कशाला उभं करतो हा?" तिने ब्रेडचा तुकडा तोडला, मिठात बुडवला, चावला. जरा वेळ चावतच राहिली. "आत हो बाबा. पाय दुखतायत माझे."

ती जेवली. बटाटे कच्चे आहेत म्हणाली, आणि दोनदा घेतले. मिचाला तिचं निम्मं बोलणं कळलं नाही. तरी तो प्रत्येक वाक्याला हो म्हणाला, ते तिला आवडलं. निघताना पॅकीमामा किल्ली शोधायला लागला, तर तिने त्याला हाताने थांबवलं.

"दर रविवारी मी येणार," ती म्हणाली. "आणि गाडी नको. चालत येईन, सगळ्यांच्या देखत. बघू दे कुणाची हिंमत होते मला विचारायची, की म्हातारे, तू कुठली."